तांदळात लिहिलेलं नाव

"आठ दिवसांचं काम आहे," असं मी म्हणालो. हे वाक्य मी कुणाकुणासमोर म्हणालो ते माझी बायको सुचेता आजही तोंडपाठ म्हणून दाखवते. तात्यांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर म्हणालो. धाकट्या बहिणीसमोर, शुभदासमोर म्हणालो. आईच्या तेराव्याला जेवायला बसलेल्या पंगतीसमोर म्हणालो. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं, पण हात धुताना शेजारच्या सावळारामपंतांसमोरही म्हणालो, आणि तिथून सगळं बिघडलं.

बरं, मी काही अगदीच हवेत बोललो नव्हतो. मी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. लोकांच्या अर्जांत त्रुटी काढण्यात माझी हयात गेलेली. ज्या अर्जात त्रुटी नाही असा अर्ज मी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर मला त्याचा संशय आला असता. तेव्हा सरकारी काम कसं होतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. न्हाव्यालासुद्धा स्वतःचे केस कापायला दुसरा न्हावी लागतो, एवढं फक्त लक्षात आलं नाही.

काम असं होतं. दिघाशीला, म्हणजे आईच्या माहेरी, तिच्या नावावर भाताची दोन खाचरं होती, आणि त्यांच्या कडेला घर बांधण्याजोगा एक उंचवटा. आईच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी आईच्या लग्नाआधीच ही जमीन तिच्या नावावर करून ठेवली होती. जायच्या आदल्या आठवड्यात आई तात्यांना म्हणाली, "दिघाशीची जागा शुभदाला द्या. पोरीला तिच्या नावाचं छप्पर होऊ दे." तात्या "बरं" म्हणाले. तात्या एरवी कुठल्याही गोष्टीला पटकन "बरं" म्हणत नसत.

शुभदाने लग्न केलं नव्हतं. ती दिघाशीच्या पलीकडच्या शाळेत शिकवायची आणि भिवंडीहून रोज एसटीने जायची-यायची. आमचं बिऱ्हाड भाड्याचं, आणि भाडेपावती माझ्या नावावर. शुभदाच्या नावावर या जगात फक्त एक लेडीज सायकल होती, आणि तीही बाजाराला जाताना मीच न्यायचो. उद्या घरमालकाने घर पाडायला काढलं तर माझी काहीतरी सोय झाली असती. शुभदाची सोय म्हणजे मी, आणि माझ्यावर कितपत अवलंबून राहता येतं हे आईला चांगलं ठाऊक होतं. म्हणून ती जागा शुभदाला मिळायलाच हवी होती.

तर सावळारामपंत. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. हात पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, "प्रोबेट घेतलंत?"

"ते कशाला?"

"प्रोबेटशिवाय इस्टेट जागची हलत नाही, माधवराव! गिरगावातले माझे साडू तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते."

आमच्या आळीच्या मागेच लूमचे कारखाने. शुक्रवारची सुट्टी सोडली तर अष्टौप्रहर खटखट चालू. त्यामुळे आमच्याकडे खाजगी गोष्टसुद्धा ओरडूनच सांगावी लागते. सावळारामपंतांनी ही गोष्ट अत्यंत खाजगीत सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत आम्हा फणश्यांची इस्टेट प्रोबेटमध्ये अडकल्याचं अख्ख्या आळीला कळलं. दोन खाचरांना 'इस्टेट' म्हटल्यामुळे मलाही जरा बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "मृत्युपत्र आहे का?"

"नाही. पण तोंडी सांगून गेली."

"कोणासमोर?"

"तात्यांसमोर. आणि मी पेजेची वाटी घेऊन उभा होतो."

"पेजेचं प्रोबेट होत नाही," वकील म्हणाले. "प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टानं दिलेलं प्रमाणपत्र. मृत्युपत्रच नाही, तर कोर्ट खरं कशाला म्हणणार? आणि असतं तरी, मुंबईत सक्ती आहे तशी आपल्याकडे दिघाशीच्या जमिनीला नाही. तुम्ही सरळ तलाठ्याकडे वारसनोंद करा. नवरा, मुलगा, मुलगी अशी तिघांची नावं लागतील. मग तुम्ही आणि वडील बहिणीच्या नावे हक्कसोड करून द्या, की झालं." एवढं बोलून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बहिणीच्या नावे म्हणालात ना?"

"हो."

"उलटं नाही ना?"

"नाही."

"नाही, आमच्याकडे आजवर बहिणीच सोडत आल्या आहेत. कागदसुद्धा तयारच असतो," ते म्हणाले, आणि भावाने हक्क सोडायचा म्हणजे वाक्य कुठून सुरू करायचं याचा बराच वेळ विचार करत बसले.

दिघाशीला गेलो तेव्हा पहिल्यांदा चावडीच्या कुलपाला भेटलो. दुसऱ्यांदाही त्यालाच. नंतर कधीतरी तलाठी भाऊसाहेब भेटले. माणूस सज्जन. चहा मागवला. मी त्यांना अर्जाची सगळी जोडपत्रं खूण घालून दिली. एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाला द्यावी तशी. त्यांनी आईचा मृत्यूचा दाखला आणि जमिनीचा सातबारा शेजारी शेजारी ठेवला आणि चहाचा कप खाली ठेवला. ही खूण मी ओळखतो. त्रुटी सापडली की मीही कप खाली ठेवतो.

"मयत कोण?"

"माझी आई. सुमती श्रीधर फणसे."

"आणि जमीन कोणाची?"

"आईचीच."

"इथं तर गोदावरी सखाराम टिपणीस लिहिलंय."

"ते आईचं माहेरचं नाव."

"आडनावाचं सोडा हो, ते सगळ्याच बायकांचं बदलतं. पण मयत झाली सुमती आणि मालक आहे गोदावरी. म्हणजे वारली एक बाई आणि जमीन दुसरीची."

"लग्नात नाव बदललं तिचं."

"कागद?"

आता याला कागद कुठून आणायचा? आमच्यात लग्न लागलं की एका ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव हातातल्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सगळे वाकून वाचतात, पेढे वाटतात, आणि त्या क्षणापासून गोदावरीची सुमती होते. त्याला ना शिक्का, ना सही, ना जावक क्रमांक.

"मग ते तांदूळ?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"चव्वेचाळीस साली लग्न झालं. दुसऱ्या दिवशी त्याचा भात झाला असणार."

"म्हणजे पुरावा तुम्हीच खाल्लात," भाऊसाहेब म्हणाले. "हे पाहा, कागदानं बघितलं तर गोदावरीबाई अजून हयात आहेत. त्या स्वतः येऊन उभ्या राहिल्या तर आत्ता सही घेतो."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सुचेता डाळ निवडत होती. ती म्हणाली, "माझं माहेरचं नाव सांगा बघू."

"कमल," मी म्हणालो.

"पटकन सांगा म्हटलं होतं."

"पटकनच सांगितलं!"

"मधे डाळीतले दोन खडे काढून झाले माझे," असं म्हणून तिने खडे बाजूला टाकले. शुभदा हसली. घरातल्या बायकांत तिचं एकटीचंच नाव पाळण्यापासून एक राहिलं होतं, पण त्याचा सातबाऱ्याला काही उपयोग नव्हता.

सुमती हे नाव तात्यांनीच निवडलेलं. पण निवडल्यानंतर त्यांनी ते एकदाही वापरलं नव्हतं. त्या पिढीची रीतच तशी. बायकोला हाक मारायची ती "अगं" म्हणून, आणि फारच निकड असेल तर "अगं अगं" म्हणून. आईला नावाने हाक मारताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं, ना या नावाने, ना त्या.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. सावळारामपंत म्हणाले, "सोपं आहे. आईंचा दुसरा दाखला काढा, गोदावरी नावाचा." मला हे पटलं, यावरून माझी अवस्था ओळखावी. मी जन्म-मृत्यूच्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या माणसाने गोदावरीबाईंची स्मशानाची पावती मागितली. मी होती ती पुढे केली.

"ही तर सुमतीबाईंची."

"त्या एकच आहेत."

"साहेब, एका पावतीवर दोन माणसं जाळता येत नाहीत," तो म्हणाला, आणि माझ्या मागच्याला पुढे बोलावलं. मी हेडक्लार्क आहे हे सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मागचा माणूस पुढे आला होता.

तात्यांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. "तिला एकदा पोचवून आलोय मी," ते म्हणाले. "पुन्हा पोचवायची नाही. गोदावरी जिवंत आहे म्हणतात ना? मग राहू दे तिला."

मग राहनाळचे दौलतशेठ आले. शाळेत माझ्या बाकावर बसायचे, आता त्यांची गोडाऊनं आहेत आणि बसायला मोटार आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"अरे माधवराव, टेन्शन कशाला घेतोस? कागदावर बाई जिवंत हाय ना? मंग उभी करू ना गोदावरी! आपल्या गोडाऊनला झाडू मारायला येते एक म्हातारी. आंगठा देईल, चहा पिऊन जाईल. आनि घर कशाला बांधतंस? गाळे काढ. दापोड्यात बघ, ट्रान्सपोर्टवाल्यांनी लाइन लावलीय."

मी नकार दिला. ताबडतोब दिला, असं माझं म्हणणं आहे. सुचेताचं म्हणणं तसं नाही.

शेवटी भाऊसाहेबांनीच वाट दाखवली. गोदावरी आणि सुमती एकच, असे दोन जबाब आणा, म्हणाले. एक दिघाशीचा, तिला लहानपणापासून ओळखणाऱ्याचा. एक भिवंडीचा, शेजाऱ्याचा. "तुम्ही, बहीण, वडील चालणार नाही. तुम्ही हितसंबंधी." सत्तेचाळीस वर्षं आईबरोबर संसार केलेला माणूस आईच्या बाबतीत हितसंबंधी ठरला, आणि सावळारामपंत निःपक्षपाती.

सावळारामपंतांनी जबाब फार मन लावून लिहिला. मला दाखवलाही नाही, थेट लखोटा बंद करून दिला. भाऊसाहेबांनी तो मोठ्याने वाचला तेव्हाच मी ऐकला. "मयत सुमतीबाई यांस मी तीस वर्षांपासून चांगले ओळखतो. त्या सुशील व मनमिळाऊ होत्या. गोदावरी नावाची कोणतीही स्त्री सदर घरात राहत असल्याचे माझ्या पाहण्यात वा ऐकण्यात नाही." खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त शाखा व्यवस्थापक'.

मी नंतर जाब विचारला तर म्हणाले, "खोटं कसं लिहू? बँकेत होतो मी."

राहिला दिघाशीचा जबाब. त्याची मला काळजी नव्हती, कारण तिथे चांगदेवमामा होता. हा आईचा मानलेला भाऊ, शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा. आईला सख्खा भाऊ नाही, म्हणून तिच्या लग्नात कानपिळीला त्यालाच पुढे केलं. कानपिळी म्हणजे नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि मानाची टोपी मिळाल्यावर सोडायचा, अशी थट्टेची रीत. चांगदेव तेव्हा नांगर धरणारा दणकट पोरगा. त्याला थट्टा समजली नाही. आपली बहीण नेणाऱ्याचा कान पिळायला सांगितलाय म्हटल्यावर त्याने तो मनापासून पिळला. तात्यांच्या डाव्या कानाची पाळी अजून जराशी वाकडी आहे. तात्या त्या दिवशी रुसले ते रुसले. सासऱ्यांच्या माघारीही त्यांनी दिघाशीत पाऊल ठेवलं नाही. आई दर भाऊबीजेला एकटी जायची आणि मामाला ओवाळून यायची.

आणि हा मामा असा, की आईची खाचरं तोच कसायचा. कूळकायदा आला तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं, नाव लाव, जमीन तुझी होईल. तो म्हणाला, भयनीची जमीन मी कनाला घेऊ? दर दिवाळीला त्याच्याकडून नव्या तांदळाचं पोतं आमच्या घरी येतं. आई गेल्यावरही आलं.

तर असा हा घरचा माणूस. मी त्याच्या ओट्यावर बसलो, भाऊसाहेब कागद घेऊन बसले.

"गोदावरी सखाराम टिपणीस यांना ओळखता?"

"गोदू? माजी भयन ती. आमी एका बांदावर वाढलो."

"सुमती श्रीधर फणसे यांना?"

"ती कोन?"

"मामा," मी म्हणालो, "सुमती म्हणजेच आई."

"तुमच्या घरान आसंल. मना न्हाय ठावं. आमी दिली ती गोदू."

"पण तिचं नाव बदललं होतं ना लग्नात!"

"आमाला इचारून बदललंत?" मामाचा आवाज चढला. "इथं येयाची तवा गोदूच व्हती. जायाची तवा बी गोदूच. तू शिकलेला मानूस, मना खोटं लिवाय सांगतंस?"

मग मी पिशवीतून आईचा फोटो काढला. हा फोटो तेराव्यासाठी स्टुडिओवाल्याकडून मोठा करून आणला होता. त्याने आपल्या कलेत काही कसूर ठेवली नव्हती. आईला गोरी केली होती, सुरकुत्या काढल्या होत्या, नाक सरळ केलं होतं आणि आईने कधी न घातलेले मोत्याचे कुडे कानांत घातले होते. मामाने फोटो हातभर लांब धरला, जवळ आणला आणि परत दिला.

"बाय चांगली दिसते," तो म्हणाला. "पन ही आमची गोदू न्हाय."

भाऊसाहेबांनी दोन्ही जबाब एकावर एक ठेवले आणि टाचणी मारली. "दिघाशीचा माणूस म्हणतो गोदावरी होती, सुमती माहीत नाही. भिवंडीचा म्हणतो सुमती होती, गोदावरी माहीत नाही. फणसेसाहेब, इतके दिवस तोंडी होतं. आता बाया दोन असल्याचा लेखी पुरावा झाला." मग अदबीने आवाज खाली आणून म्हणाले, "राग मानू नका, पण वडिलांची... म्हणजे, आधीची कोणी...?"

हा प्रश्न मी घरी फक्त सुचेताला सांगितला. खटखट चालू होती. त्यामुळे ओरडून सांगितला.

पुढचा आठवडा आम्हाला फार जड गेला. तात्यांची पहिली बायको दिघाशीला आहे, तिचं नाव गोदावरी, आणि जमीन तिची आहे, ही बातमी आळीत पोचली. बायका शुभदाच्या सांत्वनाला येऊ लागल्या. "सावत्र का होईना, आईच ती, भेटून ये एकदा," असं एकीने सुचवलं. दुसरीने, त्या बाईंना जेवणखाण कोण बघतं याची चौकशी केली. सावळारामपंत तात्यांकडे एका वेगळ्याच आदराने पाहू लागले. "इतकी वर्षं बोलला नाहीत, तात्या," ते म्हणाले. "मनाचा निग्रह लागतो." माझ्या कचेरीतही कुणकुण लागली आणि ज्याला मी आदल्याच दिवशी पेन्शनच्या अर्जात त्रुटी काढून परत पाठवलं होतं, त्या शिपायाने मला, "साहेब, घरचं सगळं ठीक?" असं विचारलं.

शुभदा मात्र त्या सगळ्यात एकदाच बोलली. रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "दादा, राहू दे. आई म्हणाली तेवढं पुरे आहे मला. तात्यांना या वयात हे नको."

तात्यांनी घास तसाच ताटात ठेवला. उठले, खुंटीवरची काळी टोपी काढून तिच्यावरची धूळ झटकली. "उद्या दिघाशीला जायचंय," ते म्हणाले.

आम्ही तिघं एसटीने गेलो. तात्यांनी लग्नाकार्यात घालायचा कोट घातला होता. चावडीत भाऊसाहेब होते, मामा भिंतीला टेकून बसला होता, आणि गावातली आठ-दहा माणसं, ज्यांचं काही काम नव्हतं, ती आमच्या कामाला आली होती. तात्या आत येताच मामा उठला.

"ये जावय," तो म्हणाला. "कान बरा हाय का?"

"त्या बाजूनं कमी ऐकू येतं," तात्या म्हणाले.

"मंग या बाजूनं बस."

तात्या बसले नाहीत. ते भाऊसाहेबांना म्हणाले, "मी हितसंबंधी आहे, माझं धरू नका. पण मला यांच्याशी बोलायचंय." आणि मामाकडे वळून म्हणाले, "तिचं नाव मी बदललं."

"गोदू नावान काय खोट व्हती?"

"काही नाही. पद्धत होती."

"तिला इचारलंस?"

"नाही."

"बरं, बदललंस. मंग तू तिला सुमती बोलायचास?"

तात्यांनी कोटाचं बटण चाचपलं. मग म्हणाले, "नाही."

"मंग काय बोलायचास?"

"अगं."

चावडीत सगळे हसले. भाऊसाहेबांनी हसू कागदाआड लपवलं. मामा हसला नाही.

"म्हंजे आमच्याकरची गोदू नेलीस," तो सावकाश म्हणाला, "नि सुमती बी कवा हाक मारली न्हाय. मंग आमी कोन मेली म्हनून रडायचं, सांग. आता घे तिचं नाव. सगल्यांदेखत घे. तू घेतलंस का मी आंगठा देतू."

मला वाटलं, तात्या आता टोपी घालून चालू लागणार. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तेव्हा हेच तात्या पंगतीतून उठून गेल्याची गोष्ट आई सांगायची. शुभदा त्यांचा कोपर धरायला पुढे झाली. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"गोदावरी," ते म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "गोदावरी सखाराम टिपणीस. मी तिला सुमती केलं. दोन नव्हत्या. एकच होती ती. गोदू." शेवटचा शब्द अर्धाच ऐकू आला. शुभदा उघड उघड रडत होती.

मामा पुढे झाला आणि त्याने हात उचलला. तात्यांनी झटकन डाव्या कानावर हात ठेवला, सत्तेचाळीस वर्षांच्या सवयीने. मामाने तो हात बाजूला केला आणि त्या वाकड्या पाळीवर आपला तळवा नुसता ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"लिवा भाऊसाहेब," तो म्हणाला. "सुमती ती आमची गोदू."

भाऊसाहेबांनी एवढा जबाब पुरे धरला आणि वारसनोंद झाली. यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणता आलं असतं, पण हक्कसोडीचा कागद राहिला होता. वकिलांनी आमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं होतं. पण त्यांच्या टायपिस्टाच्या बोटांना एकच वळण होतं. त्याने नेहमीप्रमाणे शुभदाने माझ्या लाभात हक्क सोडल्याचा कागद छापला आणि मी तो वाचून, सर्व बरोबर आहे, असं सांगून सहीला पुढे सरकवला. वाचला शुभदाने. तिला कुठलाही कागद लाल पेनाशिवाय वाचता येत नाही. तिने आमची नावं खोडून एकमेकांच्या जागी लिहिली, समासात 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला आणि कागद टायपिस्टाला परत केला. लाल पेनाला टोपण लावताना तिने माझ्याकडे पाहिलं.

दिवाळीच्या आधी नवा सातबारा मिळाला. भाऊसाहेबांनी तो तात्यांच्याच हातात दिला. त्यावर शुभदाचं नाव होतं आणि वर आईचं, कंसात.

"हा कंस कशाला?" तात्यांनी विचारलं.

"माणूस गेलं की त्याचं नाव कंसात घालायचं. नियम आहे."

"खोडत नाही?"

"नाही नाही. आधी कोणाचं होतं ते दिसायला हवं ना."

तात्यांनी त्या कंसावरून बोट फिरवलं. "मी कंससुद्धा ठेवला नव्हता," ते म्हणाले, आणि कागद घडी न घालता शुभदाला दिला. शुभदाने उंचवट्यावर जाऊन चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. मामाने त्यातला एक उचलून जरा पुढे सरकवला. म्हणाला, तिथं पानी तुंबतं.

दिवाळीत त्याच्याकडून पोतं आलं. सुचेता परातीत तांदूळ घेऊन निवडायला बसली होती. तात्या तिच्यासमोर येऊन बसले, आणि त्यांनी परात आपल्याकडे ओढली. तिला वाटलं मदत करताहेत. त्यांनी तळव्याने तांदूळ सारखा केला. बोटातली अंगठी आता सैल झाली होती, ती काढून चिमटीत धरली आणि हळूहळू, शाळकरी पोरासारखं एकेक अक्षर जपत, तांदळात लिहिलं: गोदावरी. थोडा वेळ ते वाचत बसले. मग अंगठी पुन्हा बोटात घालून अंगणात गेले.

सुचेताने परात उचलून देवापाशी नेऊन ठेवली. त्या दिवशी आमच्याकडे भात झाला नाही. सगळ्यांनी पोळ्या खाल्ल्या, आणि भात का नाही असं कुणी विचारलं नाही.